जीपगाडीतील गतिरोधकांचे रूपांतर

जीपगाडीतील गतिरोधकांचे रूपांतर : जुन्या चतुश्चक्रचालित वाहनाच्या चाकांवरील ड्रम पद्धतीचे गतिरोधक काढून त्यांच्या जागी डिस्क पद्धतीचे गतिरोधक बसविण्याच्या क्रियेस हे नाव देता येईल. गतिरोधक म्हणजे रोजच्या बोलण्यातील ब्रेक. महाराष्ट्रात हा प्रश्न मुख्यत्वे विलिस बनावटीच्या आणि तिच्यावरून महिंद्र कंपनीने भारतात तयार केलेल्या जीपगाड्यांच्या बाबतीत उद्भवतो. जबलपूर येथे सैन्यासाठी बांधलेल्या व पुढे लिलावात विकल्या गेलेल्या जोंगा गाड्यांनाही प्रस्तुत विवेचन बव्हंशी लागू पडते. रूपांतर म्हणजे चार सुटे भाग बदलणे, असा समज आढळतो. वस्तुतः पेडलापासून टायरपर्यंतची सर्व साखळी तपासून तिचा मेळ नव्याने बसविणे, असे या कामाचे स्वरूप आहे. हा मेळ बसला नाही, तर डिस्क लावलेली गाडी नीट जुळवलेल्या ड्रमच्या गाडीपेक्षा अधिक धोक्याची ठरते.

सातारा व सांगली या जिल्ह्यांचा या संदर्भात एकत्र विचार करणे सोयीचे आहे. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्यातून दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा करण्यात आला आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. दोन्ही जिल्ह्यांची पश्चिम बाजू सह्याद्रीत शिरलेली असून पूर्वेकडे दोन्ही अवर्षणप्रवण पठारात उतरतात. महाबळेश्वरास वर्षाकाठी ५,५०० मिमी. हून अधिक पाऊस पडतो, तर जत, आटपाडी या सांगलीच्या पूर्वेकडील तालुक्यांत तो ५०० मिमी. च्या आसपास असतो. म्हणजे एकाच गाडीला एका दिवसाच्या प्रवासात जांभ्या दगडाचा तांबडा चिखल, घाटातील संततधार, काळ्या मातीची चिकट रेंद आणि माळावरची बारीक धूळ एवढ्या सर्वांशी सामना द्यावा लागतो. खंबाटकी, पसरणी, केळघर, आंबेनळी व कुंभार्ली हे घाट याच टापूतील. गतिरोधकांची परीक्षा पाहण्यास याहून चोख प्रदेश शोधून सापडणार नाही.

महिंद्र कंपनीने १९४० नंतरच्या दशकाअखेरीस विलिस जीपगाड्या मुंबईत जोडण्यास आरंभ केला. विलिस कंपनीने १९५३ मध्ये बाजारात आणलेला सीजे–३बी हा उंच बॉनेटचा नमुना भारतात दीर्घकाळ तयार होत राहिला. पाटबंधारे, वन, महसूल अशा सरकारी खात्यांत आणि नंतर खासगी मालकांकडे या गाड्या वर्षानुवर्षे राबल्या. त्यांच्या चारही चाकांवर २२९ मिमी. (९ इंच) व्यासाचे ड्रम असून ते द्रवचालित असतात. पेडल दाबले असता फळीखाली, चासीलगत बसविलेल्या मास्टर सिलिंडरमधील ऑइलवर दाब येतो. एकाच नळीतून तो चारही चाकांपर्यंत पोहोचतो आणि प्रत्येक चाकाच्या लहान सिलिंडरमधील दोन दट्टे दोन अर्धवर्तुळाकार शू बाहेर ढकलतात. शूवरील लायनर फिरत्या ड्रमच्या आतील पृष्ठावर घासतो व चाक मंदावते. हातब्रेक मात्र चाकांवर नसून मागील ॲक्सलकडे जाणाऱ्या दांड्यावर, ट्रान्स्फर केसच्या मागे असतो. या एका गोष्टीचे महत्त्व पुढे येईल.

इतिहास : ड्रम आणि डिस्क या दोन्ही कल्पना जवळजवळ एकाच वेळी पुढे आल्या. १९०२ मध्ये फ्रान्समध्ये लुई रनो यांनी ड्रमच्या आत फाकणाऱ्या शूंची रचना वापरात आणली आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क गतिरोधकाचे एकस्व मिळविले. धातूवर धातू घासल्याने होणारा कर्कश आवाज आणि त्या काळच्या रस्त्यांवरील धुळीने होणारी झीज यांमुळे लँचेस्टर यांची कल्पना मागे पडली. ड्रम बंदिस्त असल्याने धुळीपासून तुलनेने सुरक्षित होता, शिवाय थोड्या जोराने अधिक पकड घेत असे. पुढे विमानांच्या चाकांवर डिस्कची उपयुक्तता पटली. १९५३ च्या ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत डनलॉप डिस्क लावलेल्या जॅग्वार गाडीने विजय मिळविला आणि १९५५ मध्ये सिट्रोएन कंपनीच्या डीएस या मोठ्या प्रमाणावर निघालेल्या गाडीच्या पुढील चाकांवर डिस्क आल्या. भारतातील चतुश्चक्रचालित गाड्यांत मारुती जिप्सी (१९८५) हिच्या पुढील चाकांना डिस्क होत्या. महिंद्र कंपनीच्या बोलेरो (२०००) व थार (२०१०) या गाड्यांतही पुढे डिस्क व मागे ड्रम अशीच योजना होती. आजच्या रूपांतरास लागणारे पुष्कळसे भाग अशा नव्या गाड्यांच्या साठ्यातून मिळतात.

घाट आणि उष्णता : गतिरोधक वेग नाहीसा करीत नाही, तो गतीच्या ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करतो. वाई सु. ७०० मी. उंचीवर, तर पाचगणी सु. १,३०० मी. उंचीवर आहे. माणसे व सामान धरून १,५०० किग्रॅ. भरणारी जीप पसरणी घाटाने खाली उतरते, तेव्हा तिची सु. ८८ लक्ष जूल स्थितिज ऊर्जा कोठेतरी खर्ची पडावी लागते. ताशी ६० किमी. वेगाने धावणारी हीच जीप एकदा पूर्ण थांबवण्यास सु. २ लक्ष जूल पुरतात. म्हणजे घाट एकदा उतरणे हे पूर्ण वेगातून चाळीसहून अधिक वेळा लागोपाठ थांबण्यासारखे आहे. उतार चोवीस मिनिटांत संपला असे मानल्यास ही ऊर्जा सु. ६ किलोवॉट या दराने बाहेर पडते, जणू सहा विजेच्या शेगड्या गाडीखाली सतत पेटत्या आहेत. चारही ड्रम मिळून ३० किग्रॅ. बीड धरले आणि सर्व उष्णता त्यातच साठली असे मानले, तर त्याचे तापमान जवळजवळ ५९०° से. ने वाढेल. प्रत्यक्षात हवेचा झोत, टायरांचे घर्षण आणि मुख्यतः एंजिनाचा रोध यांमुळे ते इतके चढत नाही. गिअर काढून गाडी न्यूट्रलवर उतरवणाऱ्या चालकाने मात्र यातील सर्वांत मोठा भागीदार स्वतःच दूर केलेला असतो.

तापलेल्या ड्रममध्ये तीन गोष्टी एकदम घडतात. पहिली, लायनरचा घर्षणांक उतरतो. दुसरी, ड्रम फुगतो. तापमान ३००° से. ने वाढले, तर २२९ मिमी. व्यासाचा बिडाचा ड्रम सु. पाऊण मिमी. ने मोठा होतो. शूला तेवढे अधिक अंतर जावे लागते व पेडल खाली जाते. तिसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. ड्रमच्या दोन शूंपैकी ज्याचे पुढचे टोक चाकाच्या फिरण्याच्या दिशेने ढकलले जाते, तो घर्षणाच्याच ओढीने ड्रमवर आणखी रुतत जातो. या स्वयंवर्धनामुळे जुन्या जीपला बूस्टरवाचून काम भागवता आले. पण जे घर्षणावर वाढते, ते घर्षण घटताच त्याहून वेगाने ओसरते. घर्षणांक एक चतुर्थांशाने उतरला, तर अशा ड्रमची पकड एक चतुर्थांशाहून कितीतरी अधिक कमी होते. घाटाच्या वरच्या वळणांवर उत्तम लागणारा ब्रेक खालच्या वळणांवर ‘दगड’ होतो, अशी जी तक्रार चालक करतात तिचे मूळ येथे आहे. त्या वेळी पेडल कठीण लागते, पण गाडी थांबत नाही. याउलट पेडल मऊ होऊन तळाला गेले, तर ऑइल उकळून नळीत वाफ झाली असे समजावे. ही दोन लक्षणे वेगळी असून त्यांचे उपायही वेगळे आहेत.

डिस्कमध्ये फिरती तबकडी उघड्या हवेत असते आणि कॅलिपरमधील दट्टे दोन्ही बाजूंनी तिच्यावर पॅड दाबतात. तापल्यावर तबकडीची जाडी वाढते, म्हणजे ती पॅडकडे सरकते, दूर जात नाही. स्वयंवर्धन नसल्याने घर्षणांक जेवढा उतरेल तेवढीच पकड उतरते, आणि ही घट चालकाच्या पायाला आगाऊ कळते. दट्ट्याभोवतीचे चौकोनी छेदाचे रबरी कडे दाब सुटताच पीळ सोडून दट्ट्याला किंचित मागे घेते. पॅड झिजेल तसा दट्ट्या आपोआप पुढे सरकून राहतो. जुन्या जीपमध्ये हीच जुळणी चाकामागील विकेंद्री बोल्ट पान्याने फिरवून हाताने करावी लागे आणि ती वेळेवर झाली नाही की गाडी ब्रेक मारताच एका बाजूला ओढू लागे.

पाणी, चिखल व धूळ : ओढा ओलांडताना ड्रममध्ये शिरलेले पाणी शू आणि ड्रम यांच्यामध्ये पातळ थर करून राहते. ते सुकेपर्यंत पेडल हलके दाबून गाडी काही अंतर चालवावी लागते. कोयना आणि वारणा यांच्या खोऱ्यांत पावसाळ्यात हे नित्याचे आहे. डिस्कवरील पाणी फिरण्याने भिरकावले जाते आणि उरलेले पॅड निपटून काढतात. परंतु डिस्क सर्वच बाबतींत सरस आहे, असे म्हणता येत नाही. जांभ्याचे खडे व गारगोटीची भरड पॅडखाली अडकल्यास तबकडीवर चऱ्या पडतात. चिखलात रुतलेली गाडी बराच काळ उभी राहिल्यास सरकत्या कॅलिपरच्या दांड्या गंजून अडकतात आणि मग एकच पॅड झिजू लागते. ड्रममध्ये शिरलेला चिखल आतच राहतो व लायनर खातो, डिस्कवरील चिखल बाहेर पडतो, पण दररोज नवा येतो. म्हणून आतील बाजूचे पत्र्याचे धूळरोधक आवरण काढून टाकण्याची काही कारागिरांची सवय चुकीची आहे. पूर्वेकडील कोरड्या, सपाट तालुक्यांत ज्याची गाडी फिरते आणि घाट क्वचितच उतरते, त्याने चांगले लायनर व ड्रम ठेवून रूपांतराचा खर्च वाचवला, तर त्याचे फारसे नुकसान होणार नाही.

दाबाचा हिशेब : रूपांतरातील बहुतेक चुका येथे होतात, म्हणून हा भाग थोडा विस्ताराने पाहणे इष्ट आहे. पेडलावर ३० किग्रॅ. भार दिला व पेडलाची तरफ सहापट असली, तर मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर १८० किग्रॅ. भार येतो. त्या दट्ट्याचा व्यास २५.४ मिमी. म्हणजे क्षेत्रफळ सु. ५ चौ. सेंमी. असल्यास ऑइलचा दाब दर चौ. सेंमी. ला सु. ३५ किग्रॅ. होतो. समजा, कॅलिपरचा दट्ट्या ५४ मिमी. व्यासाचा, म्हणजे सु. २३ चौ. सेंमी. क्षेत्रफळाचा आहे. त्यावर सु. ८०० किग्रॅ. जोर येईल. पॅडचा घर्षणांक ०.४ आणि घर्षणपृष्ठे दोन धरली, तर तबकडीवर सु. ६५० किग्रॅ. ओढ लागते. ही ओढ मध्यापासून ११ सेंमी. वर आणि टायरचा रस्त्याशी स्पर्श ३६ सेंमी. वर असल्याने रस्त्यावर प्रत्येक पुढील चाकामागे सु. २०० किग्रॅ., दोन्ही मिळून ४०० किग्रॅ. रोध मिळतो. आता १,५०० किग्रॅ. च्या गाडीला गुरुत्वप्रवेगाच्या सहा दशांश इतक्या मंदनाने थांबवावयाचे, तर एकूण ९०० किग्रॅ. रोध हवा. त्यातील दोन तृतीयांश म्हणजे ६०० किग्रॅ. पुढील चाकांनी द्यावयास हवा. त्यासाठी पेडलावर ३० ऐवजी ४५ किग्रॅ. भार द्यावा लागेल. धडधाकट माणूस तो एकदा देईल. घाटाच्या तिसऱ्या चतुर्थांशात, थकलेल्या पायाने, वळणावळणावर देणे कठीण आहे. ‘डिस्क लावल्या पण ब्रेक लागत नाही’ असे म्हणणाऱ्याची अडचण हीच असते : त्याने ड्रमचे स्वयंवर्धन काढून टाकले आणि त्याच्या जागी काहीच दिले नाही.

यावर उपाय दोन. मास्टर सिलिंडरचा व्यास कमी करणे हा एक. २२.२ मिमी. व्यासाचा दट्ट्या घेतला, तर त्याच भारात दाब तिसऱ्या हिश्श्याने वाढतो. परंतु कॅलिपरचा मोठा दट्ट्या हलविण्यास ऑइल अधिक लागते आणि लहान सिलिंडर ते कमी देतो, त्यामुळे पेडल खोल जाते. दुसरा व अधिक भरवशाचा उपाय निर्वात बूस्टरचा. पेट्रोल एंजिनाच्या आदान नळीत निर्वात आपोआप मिळतो. डीझेल एंजिनात हवा अडवणारी झडप नसल्याने तो मिळत नाही व वेगळा निर्वात पंप लागतो. अनेक डीझेल गाड्यांत तो आल्टरनेटरच्या मागे जोडलेला असतो. महाराष्ट्रातील पुष्कळ जुन्या पेट्रोल जीपगाड्यांत नंतर डीझेल एंजिने बसविण्यात आली आहेत. अशा गाडीत बूस्टर लावून पंप न लावणे म्हणजे पेडल व सिलिंडर यांच्यामध्ये एक जड डबा ठेवण्याइतकेच होय.

मास्टर सिलिंडरच्या जागेचाही प्रश्न आहे. जुन्या जीपमध्ये तो फळीखाली, म्हणजे कॅलिपरच्या पातळीखाली असतो. गाडी उभी असताना कॅलिपरमधील ऑइल मागे उतरू नये म्हणून डिस्कच्या नळीत दर चौ. सेंमी. ला सु. ०.१४ किग्रॅ. (२ पौंड दर चौ. इंच) इतका अल्प दाब राखणारी झडप घालावी लागते. ड्रमच्या नळीत हाच अवशिष्ट दाब सु. ०.७ किग्रॅ. (१० पौंड) असतो. ड्रमचा मूळ मास्टर सिलिंडर तसाच ठेवून पुढे डिस्क जोडल्यास त्यातील ही मोठ्या दाबाची झडप पॅडना तबकडीवर सतत टेकवून ठेवते. चाक सोडल्यावर फिरत नाही, दहा किलोमीटरांत हब हाताला लागू देत नाही. कारागीर दोष कॅलिपरला देतो आणि दुसरा कॅलिपर आणतो. बूस्टर व मास्टर सिलिंडर दोन्ही बॉनेटखाली, एंजिनामागील पडद्यावर घेणे जमत असेल, तर हा प्रश्नच उरत नाही. त्याबरोबर ओढ्याच्या पाण्यात मास्टर सिलिंडर बुडण्याचाही प्रश्न मिटतो.

दुहेरी मंडल : जुन्या जीपच्या गतिरोधकातील सर्वांत मोठा धोका ड्रम हा नसून एकेरी नळी हा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. चारही चाकांचा दाब एकाच सिलिंडरमधून जात असल्याने मागील चाकाचा एक वॉशर गळला किंवा झाडीच्या खोडाला घासून एक नळी फुटली, तरी चारही चाकांचे ब्रेक एका क्षणात जातात आणि हाती उरतो तो दांड्यावरचा हातब्रेक. दोन स्वतंत्र कप्प्यांचा मास्टर सिलिंडर बसवून पुढील व मागील चाकांच्या नळ्या वेगळ्या केल्या, तर एक बाजू निकामी झाल्यावरही दुसरी गाडी थांबवते. ज्याला एकाच गोष्टीचा खर्च परवडतो, त्याने डिस्क घेण्याआधी हा सिलिंडर घ्यावा. चारही ड्रम तसेच राहिले तरी हरकत नाही. ही गोष्ट लोकप्रिय नाही, कारण डिस्क चाकाच्या फटीतून दिसते आणि मास्टर सिलिंडर दिसत नाही.

पुढील-मागील मेळ : सीजे–३बी हिच्या दोन ॲक्सलांतील अंतर अवघे २.०३ मी. (८० इंच) आहे. गुरुत्वमध्य जमिनीपासून ६५ सेंमी. उंच धरला, तर वर सांगितलेल्या मंदनात सु. २९० किग्रॅ. भार मागील चाकांवरून पुढे सरकतो. उतारावर तो आणखी वाढतो. हलकी झालेली मागील चाके आधी जाम झाली, तर आखूड गाडी आपल्याभोवती फिरते, ओल्या डांबरावर तर फारच चटकन. मूळ रचनेत म्हणूनच पुढील चाकांचे सिलिंडर २५.४ मिमी. आणि मागचे १९ मिमी. व्यासाचे ठेवलेले होते. रूपांतर करताना केवळ पुढे डिस्क लावून मागे मूळ ड्रम ठेवणे बहुधा पुरेसे व इष्ट असते. मागील नळीत दाब कमी करणारी जुळवता येण्याजोगी झडप घालून, मोकळ्या सपाट जागेवर ओल्या जमिनीवर चाचणी घेऊन, पुढील चाके आधी जाम होतील असे ती जुळवावी. चारही डिस्क लावावयाच्या असल्या, तर अन्य गाड्यांत हातब्रेकचे काय करावे हा पेच पडतो. जीपमध्ये हातब्रेक दांड्यावर असल्याने तो पडत नाही. तथापि दांड्यावरचा हातब्रेक मागील एक चाक अधांतरी झाल्यास गाडी धरत नाही. जॅक लावण्यापूर्वी चाकांना दगड लावण्याची जुनी रीत सोडू नये.

बसविण्याची रीत : पुढील हब, ड्रम व त्यामागील पत्र्याची थाळी काढल्यावर चाक वळवणाऱ्या सांध्यावर सहा बोल्टांचे वर्तुळ उघडे पडते. कॅलिपर धरणारा कंस याच बोल्टांवर बसवतात. सांध्यावर वेल्डिंग करणे किंवा तो घासून पातळ करणे कटाक्षाने टाळावे. वरील हिशेबात एका चाकावर ३०० किग्रॅ. रोध हवा असेल, तर कॅलिपर आपल्या कंसाला जवळजवळ एक टन जोराने ओढत असतो. सातारा येथील कूपर व पलूस तालुक्यातील किर्लोस्करवाडी (स्थापना १९१०) येथील कारखान्यांपासून या भागात ओतकाम व लेथकाम यांची मोठी परंपरा आहे. जाड पोलादी पट्टीचा कंस येथील कुठलाही चांगला कारागीर कापून, छिद्रे आखून देऊ शकतो. तबकडी मात्र माहीत नसलेल्या ओतशाळेतून करून घेऊ नये, कोणत्या तरी प्रमाणित गाडीचीच घ्यावी. जीपच्या चाकाचे पाच बोल्ट १३९.७ मिमी. व्यासाच्या वर्तुळावर असतात, त्याच्याशी तबकडी जुळवावी. तबकडी हबवर बसविल्यानंतर तिची थरथर डायल गेजने मोजावी. ४०६ मिमी. (१६ इंच) रिमच्या आत कॅलिपर मोकळा राहतो की नाही, हे चाक बसवून व हाताने फिरवून पाहावे. रबरी नळ्यांची लांबी ठरविताना स्टिअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण वळवून आणि ॲक्सल खाली लोंबकळू देऊन पाहावे. सपाट जमिनीवर पुरेशी वाटणारी नळी खड्ड्यात ताणून तुटते.

ऑइलकडे होणारे दुर्लक्ष येथे महाग पडते. कॅलिपरचा दट्ट्या तापलेल्या पॅडला थेट टेकलेला असल्याने ऑइलपर्यंत उष्णता ड्रमपेक्षा लवकर पोहोचते. नेहमीचे ग्लायकॉलयुक्त ऑइल हवेतील बाष्प शोषून घेते. डॉट–३ प्रतीच्या ऑइलचा उत्कलनबिंदू कोरडे असताना किमान २०५° से. असतो, तर पाणी शोषल्यावर तो १४०° से. पर्यंत उतरू शकतो. डॉट–४ साठी हेच आकडे २३०° व १५५° असे आहेत. महाबळेश्वरच्या पावसाळ्यात वापरलेल्या गाडीचे ऑइल दरवर्षी बदलणे योग्य. सिलिकोनयुक्त डॉट–५ ऑइल जुन्या ऑइलात मिसळू नये. नळ्यांतील हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून आरंभ करतात आणि कॅलिपरची हवा काढण्याची निपल वरच्या बाजूस असावी लागते. डावा कॅलिपर उजवीकडे बसविल्यास ती खाली येते, हवा आत राहते आणि कितीही पंप मारले तरी पेडल स्पंजासारखे लागते.

जुने शू काढताना आणखी एक काळजी घ्यावी. त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टसचे तंतू असत. ड्रममधील काळी भुकटी हवेच्या झोताने उडवण्याची गॅरेजमधील पद्धत फुप्फुसांना घातक आहे. ती ओल्या फडक्याने पुसून, फडके पिशवीत बांधून टाकावे.

कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये या तरतुदीचा अर्थ कडकपणे लावला. त्यामुळे काम हाती घेण्यापूर्वी सातारा (एमएच–११), कऱ्हाड (एमएच–५०) किंवा सांगली (एमएच–१०) यांपैकी ज्या कार्यालयात गाडीची नोंद असेल तेथे लेखी विचारणा करणे आणि विमा कंपनीस कळविणे शहाणपणाचे ठरते. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरणास येते व त्या वेळी तपासणी होते, हेही ध्यानात ठेवावे. दुसरा प्रश्न वारशाचा आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुने, मूळ स्वरूपात जतन केलेले आणि सांगाडा, बाह्यांग वा एंजिन यांत भरीव फेरफार न केलेले वाहन व्हिंटेज म्हणून नोंदविता येते. अशा वाहनास नित्याच्या वापराची परवानगी नसते. प्रदर्शने, मेळावे, संशोधन, इंधन भरणे व दुरुस्ती एवढ्यापुरतेच ते रस्त्यावर आणता येते. ज्याला अशी नोंद हवी, त्याने ड्रम ठेवणे इष्ट. त्याला पसरणी घाट रोज उतरावयाचा नसतो. ज्याची जीप पाटण किंवा शिराळा तालुक्यात दररोज माणसांची व दुधाच्या कॅनची ने-आण करते, त्याच्या दृष्टीने मूळपणाला तेवढे मोल नाही. दोघांच्या मध्ये उभ्या असलेल्या मालकाने रूपांतर केवळ बोल्टांवर, मूळ भागास छिद्र वा जोड न देता करावे. काढलेले ड्रम, शू, थाळ्या व मास्टर सिलिंडर तेल लावून, डाव्या-उजव्याची खूण करून ठेवावेत.

रूपांतरित गाडीचा पहिला उतार : नवे पॅड व तबकडी एकमेकांस बसेपर्यंत पूर्ण पकड मिळत नाही. सपाट रस्त्यावर मध्यम वेगातून वीस-तीस वेळा हळू थांबून, मधे मधे थंड होऊ देऊन ती बसवून घ्यावी लागतात. त्यानंतरही घाट उतरताना ज्या गिअरमध्ये गाडी चढली असती तोच घालण्याचा जुना नियम लागू राहतो. जुन्या तीन गिअरच्या जीपमध्ये तो बहुधा दुसरा असतो. ट्रान्स्फर केसमधील २.४६ पट कमी वेगाची जोडणी पुढील ॲक्सल जोडल्यावाचून पडत नाही. कोरड्या डांबरावर ती वापरल्यास वळणांवर दोन ॲक्सलांत ताण साठतो, म्हणून ती ओल्या मातीच्या उतारांसाठी राखावी. पहिला घाट उतरल्यावर पायथ्याशी थांबून चारही हबजवळ, स्पर्श न करता, हात नेऊन पाहावा. पुढील दोन्ही सारखेच व मागील त्यांहून थोडे कमी तापलेले असावेत. एखादे चाक इतरांपेक्षा बरेच गार असेल, तर त्याचा कॅलिपर काम करीत नाही, आणि बरेच गरम असेल, तर तो सुटत नाही. दोन्ही बाबतींत गाडी पुढच्या घाटाला न नेता तेथेच चाक उघडावे.